गुलमोहराला कुऱ्हाड लावण्याआधी

वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात ज्याने एक हंगाम तरी संत्र्याच्या बागेत सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, काढण्याचे काम केले आहे, त्याला छाटणीविषयी फारसे नव्याने शिकवावे लागत नाही. वाळलेली फांदी कोठून कापायची, हिरव्या भागात किती खाली यायचे, कात्री कशाने पुसून घ्यायची आणि मोरचूद-चुन्याची पेस्ट कोठे लावायची, हे सारे त्याच्या हातात बसलेले असते. परंतु तोच माणूस संध्याकाळी घरी येतो, अंगणातल्या गुलमोहराची फांदी कौलांना टेकलेली पाहतो आणि बागेतले सगळे शहाणपण बागेतच ठेवून कुऱ्हाड उचलतो. संत्र्याच्या झाडामागे वर्षाचा हिशेब असतो आणि गुलमोहरामागे तो नसतो, एवढेच त्याचे कारण. प्रत्यक्षात दोन्ही झाडांचे लाकूड एकाच रीतीने वाढते आणि चुकीच्या छाटणीने एकाच रीतीने कुजते. म्हणून गुलमोहर, बहावा, ताम्हण, पारिजातक, चाफा, कांचन यांसारख्या शोभेच्या फुलझाडांची छाटणी करावी की करू नये, करायची तर केव्हा आणि कशी, याविषयी आपल्याकडच्या उन्हापावसाचा विचार करून येथे लिहीत आहे.

पहिला प्रश्न करावी की करू नये हाच आहे, आणि बहुतेक झाडांच्या बाबतीत त्याचे उत्तर ‘करू नये’ असे आहे. मोठ्या झालेल्या फुलझाडाला दरवर्षी छाटणी लागते हा समज द्राक्षमळ्यातून, गुलाबाच्या ताटव्यातून किंवा शहरातल्या बागांकडे पाहून आलेला असावा. जंगलातला पळस किंवा बहावा कोणी छाटत नाही, तरी फाल्गुन ते वैशाखात त्यांच्या फुलण्यात काही उणे पडत नाही. माझ्या मते झाडाला हत्यार लावण्यास चारच कारणे पुरेशी आहेत. फांदी वाळली, मोडली किंवा रोगट झाली असेल. दोन फांद्या एकमेकींवर घासून साल सोलत असतील. फांदी छपरावर, रस्त्यावर किंवा तारांवर येत असेल. किंवा झाड अजून लहान असून त्याला वळण द्यायचे असेल. ‘झाड फार माजले’, ‘पाने फार पडतात’ आणि ‘शेजाऱ्याने छाटले म्हणून’ ही कारणे मी त्यात धरत नाही. अधिक फुले यावीत म्हणून छाटणी करणे काही मोजक्या झाडांपुरतेच खरे आहे. इतरांच्या बाबतीत नेमका उलटा परिणाम होतो.

त्या उलट्या परिणामाचा धडा मी स्वतःच्या दारात घेतला आहे. घरात लग्न होते, मांडवाला अंगण मोकळे हवे होते आणि समोरचा बहावा आडवा येत होता. जानेवारीचे दिवस होते. कामावर आलेल्या माणसाने वर पाहून सांगितले, “भाऊ, शेंडा उडवला का झाड अजून चांगलं फुटते, पाहा तुम्ही.” मीही मान हलवली. झाड फुटले, हे खरे. कापलेल्या प्रत्येक खुंटावर पाच-सहा सरळसोट फोक उभे राहिले. पण मे महिन्यात सारा रस्ता पिवळ्या झुंबरांनी भरला असताना आमच्या झाडावर एकही घोस नव्हता, आणि ज्या जाड फांदीवर आजवर ऊन पडले नव्हते तिची पश्चिमेकडची साल तडकून पुठ्ठ्यासारखी सुटली. दोष त्या माणसाचा नव्हता. केव्हा काय कापायचे हे मला ठाऊक असायला हवे होते.

फुलाचा डोळा कोठे असतो

छाटणीचा हंगाम पंचांगावरून ठरत नाही. फुलाचा डोळा, म्हणजे कळी जेथून फुटते तो कोंब, कोणत्या लाकडावर येतो, त्यावरून ठरतो. काही झाडे आदल्या पावसाळ्यात वाढलेल्या, पक्व झालेल्या फांद्यांवर फुलतात. पळस, पांगारा, काटेसावर, फाल्गुनात फुलणारा कांचन आणि बहावा या गटात येतात. ही झाडे पाने गाळून किंवा गाळता गाळता फुलतात, कारण फुलांची तयारी त्यांनी जुन्या फांदीत आधीच करून ठेवलेली असते. दिवाळीपासून होळीपर्यंत अशा झाडाच्या फांद्या छाटल्या की येणारी फुलेच आपण छाटून टाकतो. माझ्या बहाव्याचे तेच झाले.

दुसरा गट नव्या फुटीवर फुलणाऱ्या झाडांचा आहे. चिनाई मेंदी, कण्हेर, जास्वंद आणि टिकोमा यांचा त्यात समावेश होतो. पारिजातक आणि ताम्हणही वागणुकीने याच बाजूचे आहेत. यांच्यात आधी फूट निघते, ती वाढते आणि तिच्या टोकाशी किंवा पानांच्या बेचक्यांत फुले येतात. अशी झाडे फूट निघण्याच्या थोडे आधी छाटली तर फूट जोमदार येते आणि फुलेही भरतात. अधिक फुलांसाठी छाटणी करण्याचा सल्ला फक्त या गटाला लागू आहे.

ज्यांना संत्र्याचे आंबिया आणि मृग हे बहार, म्हणजे फुलण्याचे दोन हंगाम, ठाऊक आहेत, त्यांना हा भेद समजण्यास अडचण येऊ नये. बहार धरताना पाणी केव्हा तोडायचे आणि केव्हा द्यायचे हे आपण झाड कोणत्या अवस्थेत आहे ते पाहून ठरवतो. शोभेच्या झाडाच्या बाबतीत तेवढीच दृष्टी ठेवायची आहे. झाड कोणत्या गटातले हे माहीत नसेल तर एक वर्ष हत्यार न लावता त्याच्याकडे पाहावे. फुलाचा देठ करड्या, साल धरलेल्या काडीतून निघतो की हिरव्या, लवचिक काडीतून, हे पायथ्याशी उभे राहूनही दिसते.

आता आपल्याकडची अडचण. पहिल्या गटातली झाडे फुले संपताच छाटावीत, असे बागकामाची पुस्तके सांगतात. थंड प्रदेशात ते योग्यच आहे. विदर्भात मात्र पळस-पांगाऱ्याची फुले संपतात तेव्हा मार्च संपत आलेला असतो आणि पुढचे अडीच महिने पारा चढलेलाच राहतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे ४५ अंशांच्या वर तापमान जाणे ही काही बातमी राहिलेली नाही. अशा उन्हात पानांचा आडोसा काढून घेतला की सावलीत वाढलेली साल भाजते, खालचा जिवंत थर मरतो आणि त्या भेगेतून पोखरणारी अळी व कुजवणारी बुरशी आत शिरते. त्यामुळे मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत जिवंत फांदी कापू नये, हा नियम मी कोणत्याही झाडाला मोडत नाही. वाळलेली फांदी मात्र केव्हाही काढता येते, कारण तिच्यात झाडाचा जीव उरलेला नसतो.

म्हणून पहिल्या गटासाठी पावसाची वाट पाहावी. आपल्याकडे मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्याला पोचतो. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोल भिजली की तीन-चार दिवसांची उघाड पाहून हलकी छाटणी उरकावी. त्यानंतर आलेल्या फुटीला पुढचा सारा पावसाळा वाढायला आणि हिवाळा पक्व व्हायला मिळतो, आणि तीच फूट पुढल्या वर्षी फुलते. झड लागलेली असताना मात्र छाटणी करू नये. ओल्या कापावर बुरशी लवकर बसते आणि शेवाळलेल्या फांदीवर माणसाचा पायही टिकत नाही. त्या दिवसांत पक्ष्यांची घरटीही असतात, तेव्हा करवत लावण्याआधी फांदी नीट न्याहाळावी. अंडी किंवा पिल्ले दिसली तर फांदी महिनाभर राहू द्यावी.

दुसऱ्या गटासाठी जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ उत्तम. कडक थंडी ओसरलेली असते, ऊन अजून कोवळे असते, आणि मार्च तापण्याआधी नवी पाने येऊन फांद्यांना सावली मिळते. डिसेंबरमध्ये घाई केली तर निघालेली कोवळी फूट थंडीने करपण्याची भीती असते. मनगटापेक्षा जाड जिवंत फांदी कोणत्याही झाडाची काढायची असली तरी ती मी याच दिवसांत काढतो, मग त्या वर्षीची काही फुले गेली तरी चालतील. कोरड्या हवेतला मोठा काप पावसातल्या मोठ्या कापापेक्षा बरा. होळीच्या आसपास आपल्याकडे गारपीट होते तीही लक्षात ठेवावी. गारांनी सोललेली किंवा अर्धवट मोडून लोंबणारी फांदी तेव्हाच्या तेव्हा नीट कापून काढावी. तिला हंगामाचा नियम लागू नाही.

काप कोठे घ्यावा

येथे थोडे थांबावे लागेल, कारण झाडे मरतात ती हंगाम चुकल्याने कमी आणि कापाची जागा चुकल्याने अधिक.

कोणत्याही जिवंत फांदीच्या बुडाशी, जेथे ती खोडाला मिळते तेथे, बोट फिरवून पाहावे. बांगडीसारखा किंचित फुगीर, सुरकुतलेला भाग हाताला लागतो. वरच्या बाजूस, बेचक्यात, साल दाटून आलेली काळपट रेघ दिसते. हा फुगवटा खोडाचा आहे, फांदीचा नव्हे. जखम मिटवणारे लाकूड तेथूनच निघते. म्हणून काप त्या फुगवट्याच्या बाहेर, परंतु त्याला लागून घ्यायचा. वरच्या काळ्या रेघेच्या जरा बाहेरून करवत लावावी आणि खाली उतरताना फुगवटा जेथे संपतो तेथे बाहेर पडावे. बहुतेक वेळा हा काप खोडाला समांतर न येता थोडा तिरपा येतो. काप बरोबर बसला असेल तर वर्ष-दोन वर्षांत त्याच्या चहूकडून सालीची गोल वळी आत सरकताना दिसते. वळी फक्त दोन बाजूंनी आली आणि वरखाली जखम उघडी राहिली, तर फुगवटा कापला गेला असे समजावे.

चुका दोन प्रकारच्या होतात आणि दोन्ही आपल्याकडे सर्रास दिसतात. खोडाशी अगदी सपाट, रंधा मारल्यासारखा काप दिसायला स्वच्छ दिसतो, परंतु त्यात फुगवटाच जातो आणि जखम दुप्पट मोठी होते. दुसरी चूक वीतभर खुंट ठेवण्याची. खुंटाला पाने नसतात, त्यामुळे तो हळूहळू वाळतो, साल सुटते आणि उधईला खोडाच्या गाभ्यापर्यंत आयती वाट मिळते. संत्र्याला ठेवलेला खुंट ज्याला खपत नाही, त्याने गुलमोहराला तो का ठेवावा, हे मला कधी कळले नाही.

जाड फांदी एका कापात काढण्याचा प्रयत्न करू नये. तीन काप घ्यावेत. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या चार बोटे पुढे, वरून, फांदी सुटेपर्यंत. खालचा काप आधी घेतलेला असल्यामुळे फांदी स्वतःच्या वजनाने मोडताना खोडाची साल फाडत खाली जात नाही. ती त्या कापाशीच तुटते. आता हातात फक्त हातभर खुंट राहतो. तो एका हाताने तोलून धरावा आणि तिसरा काप फुगवट्याच्या बाहेरून सावकाश घ्यावा. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि फांद्या आडव्या, लांब असतात, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा क्रम मोडला की सालीची दोन-तीन फूट लांब पट्टी खोडावरून सोलून निघालीच म्हणून समजावे. फांदी खाली कोणाच्या कौलांवर पडणार असेल तर तिला आधी कासरा बांधून तो वरच्या मजबूत फांदीवरून घ्यावा आणि खालच्या माणसाने ताण देत ती उतरवावी.

बारीक फांदी मधूनच आखूड करायची असेल तर काप बाहेरच्या बाजूला पाहणाऱ्या डोळ्याच्या पाव इंच वर, पाणी ओघळून जाईल एवढा तिरपा घ्यावा. डोळा ज्या दिशेला असतो त्या दिशेला फांदी जाते. आतल्या बाजूचा डोळा राखला तर नवी फांदी झाडाच्या पोटात शिरते आणि दोन वर्षांनी तीच काढावी लागते.

हत्यारांची यादी फार मोठी नाही. अंगठ्यापेक्षा बारीक फांदीला सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, मनगटापर्यंत वाकडी हातकरवत, आणि त्याहून जाड फांदीला मोठी करवत व सोबत एक जाणता माणूस. कुऱ्हाड आणि कोयता या कामाला नकोत. घाव ठेचतो, लाकूड फाटते आणि काप हवा तेथे कधीच बसत नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पाते स्पिरिटने पुसावे. रोगट फांदी कापल्यावर तर पुढच्या कापाआधीच पुसावे.

एका वर्षात हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा, यापेक्षा अधिक कधीही काढू नये. म्हाताऱ्या झाडाचा त्याहूनही कमी. पाने हेच झाडाचे स्वयंपाकघर आहे. ते एकदम मोडले की झाड साठवलेले अन्न खर्चून घाईघाईने फोक काढते, ज्यांना आपण पाणसोट म्हणतो. ते जुन्या फांदीसारखे खोल रुजलेले नसतात, सालीलगतच्या थरातून निघतात आणि जड झाले की वादळात मुळासकट उचकटतात. वर्षाआड झाड बोडके केले तर ते सुरक्षित राहते ही समजूत त्यामुळेच खोटी ठरते.

पेस्ट लावावी का

मोठ्या कापावर डांबर, ऑइलपेंट किंवा शेणमाती थापण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो झाडे उभी चिरून आतली कूज कशी पसरते याचा अभ्यास केला. झाडाची जखम आपल्या जखमेप्रमाणे भरून येत नाही, तर झाड कुजणाऱ्या भागाभोवती आतून भिंत घालते आणि वरून नवे लाकूड चढवते, हे त्यांनी दाखवले. जखमेवर थापलेले रंग आणि लेप कूज थांबवत नाहीत, असेही त्यात दिसून आले. डांबराखाली ओल कोंडते, हे तर कोणीही खरवडून पाहू शकतो.

बोर्डो पेस्टचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या पेस्टचे काय, असे आपल्याकडचा बागाईतदार लगेच विचारील. माझे उत्तर असे की फेब्रुवारीत कोरड्या हवेत घेतलेल्या कापाला काहीही लावू नये. काप योग्य जागी असेल तर झाड आपले काम करते. पावसाळ्यात दोन इंचांपेक्षा जाड फांदी काढावी लागली तर मात्र मी पातळ बोर्डो पेस्ट लावतो. ती बुरशीला काही काळ रोखते, जखम भरून काढते असे नाही. प्रमाण संत्र्याला वापरतो तेच, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. अंगणातल्या एक-दोन झाडांसाठी शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅम आणि एक लिटर पुरते. मोरचूद अर्ध्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवावे, चुना उरलेल्या पाण्यात विरवून गाळून घ्यावा आणि दोन्ही द्रावणे ढवळत एकत्र करावीत. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडी नको. मिश्रणात विळ्याचे घासलेले पाते क्षणभर बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे. केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवावी.

मोठी फांदी काढल्यावर खोडाचा जो भाग प्रथमच उन्हात आला असेल, त्याला मात्र दक्षिण-पश्चिम बाजूने पातळ चुना फासावा. पांढऱ्या रंगाने साल कमी तापते, आणि मला याचा उपयोग पेस्टपेक्षा जास्त वाटतो. बेचक्यात भुशाची जाळी दिसली तर ती साल खाणाऱ्या अळीची असते. जाळी झाडून काढावी, छिद्रात रॉकेलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा घालावा आणि वर चिखल लिंपावा.

झाडागणिक

गुलमोहराचे मूळ मादागास्करचे, पण आपल्याकडे त्याच्याइतके सर्वत्र लावलेले आणि त्याच्याइतके वाईट रीतीने छाटलेले दुसरे झाड नाही. त्याची खरी छाटणी पहिल्या चार-पाच वर्षांतच होऊ शकते. एकच शेंडा राखावा. दोन समान जाडीच्या फांद्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या अरुंद बेचक्यात वाढत असतील तर त्यांतली एक लहानपणीच काढावी, कारण अशा बेचक्यात साल आत दबते आणि झाड मोठे झाल्यावर वळवाच्या वादळात नेमके तेथेच उभे चिरते. खालच्या फांद्या एकदम काढू नयेत. त्या खोड जाड करतात आणि त्याला सावली देतात. त्या आधी आखूड कराव्यात आणि खोड भरल्यावर एकेक करून काढाव्यात. अंगणात सात-आठ फूट मोकळे खोड पुरते, पण झाडाखालून कपाशीची किंवा कुटाराची ट्रॉली जाणार असेल तर त्याहून बरेच उंच लागेल, आणि त्याचा विचार लावतानाच करावा. मोठ्या झाडाच्या फांद्यांची टोके छाटू नयेत, फुले टोकांशीच येतात. काढायचेच असेल तर आतल्या वाळलेल्या आणि घासणाऱ्या फांद्या पान गळालेले असताना, मार्च तापण्याआधी, बुडापासून काढाव्यात.

नीलमोहराचा शेंडा मारला तर तो झाडूसारखे उभे फोक काढतो आणि आकार कायमचा जातो. त्याला शक्यतो हात लावू नये. बकुळ आणि सीताअशोक यांनाही तेच सांगेन. सोनचाफ्याची जाड फांदी कापली की झाड रुसल्यासारखे बसते. त्याची उंची आवरायची तर लहानपणी शेंडा खुडावा.

बहाव्याच्या लांब काळ्या शेंगा वर्षभर लोंबत राहतात. त्या काढाव्यात की राहू द्याव्यात हा आवडीचा प्रश्न आहे, पण काढायच्या तर आकडीने ओढून फांद्यांची टोके मोडू नयेत. ताम्हण, ज्याला जारूळही म्हणतात आणि जे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे, त्याच्या टोकांवरची जुनी वाळलेली बोंडे आणि पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या फेब्रुवारीत काढल्या तर उन्हाळ्यातले तुरे भरदार येतात. पारिजातक धीट आहे, चौथ्या हिश्शाच्या नियमाला तो अपवाद. फेब्रुवारीत तिसरा हिस्सा आखूड केला तरी श्रावण-भाद्रपदात सडा घालतोच, मात्र दर दोन-तीन वर्षांनी एकदाच तसे करावे.

कांचनाविषयी एक वेगळी तक्रार आहे. दसऱ्याला आपट्याऐवजी कांचनाची पाने ओरबाडली जातात, आणि जांभळट-गुलाबी फुलांचा कांचन फुलतो तो नेमका त्याच सुमारास. फांदीच्या फांदी ओढून मोडल्यामुळे साल खाली फाटत जाते. पाने हवीच असतील तर कात्रीने डहाळी घ्यावी. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, पळसाचे थोडे निराळे आहे. पोळ्याला दारात ठेवायच्या मेढ्यांसाठी चार डहाळ्या घेतल्याने त्याचे काही बिघडत नाही, पण दरवर्षी सरपणासाठी कंबरेएवढा तोडलेला पळस झुडूपच राहतो आणि फुलांचे नावच काढत नाही.

पांढऱ्या चाफ्याची फांदी टोकाशी फुलते आणि तेथून फाटे फोडते. पानगळ झाल्यावर फेब्रुवारीत फांदी कापली तर कापाखाली दोन-तीन फाटे येतात, पण ते फुलायला एक हंगाम जास्त लागतो. म्हणून सगळ्या फांद्या एका वर्षी कापू नयेत. कापाचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. कापलेली फांदी आठ-दहा दिवस सावलीत सुकवून निचऱ्याच्या मातीत लावली की नवे झाड होते.

कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, कितीही छाटा, फुटतात. त्यांचा धोका छाटणीनंतरचा आहे. पाने, काड्या, बिया सारे विषारी असते, आणि सुकलेल्या पानांतले विषही तसेच राहते. छाटलेला पाला गोठ्याजवळ किंवा शेळ्यांच्या वाटेत टाकू नये, चुलीत जाळू नये. खड्ड्यात पुरावा आणि हात धुवावेत.

तारा, सडक आणि परवानगी

विजेच्या तारेला लागलेली किंवा हातभर अंतरावर असलेली फांदी स्वतः कापू नये. ओली फांदी वीज वाहते, आणि तार वेष्टनाची असली तरी तिच्यावर भरवसा ठेवू नये. लाइनमनला सांगून प्रवाह बंद करूनच काम व्हावे. झाडावर मोहोळ असेल तर त्याची आधी व्यवस्था लावावी. सडकेच्या कडेचे झाड आपल्या वावरासमोर असले तरी आपले नसते, त्याला संबंधित खात्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. झाड मुळापासून तोडायचे असेल तर ग्रामीण भागासाठी महाराष्ट्राचा १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, आणि शहरी भागासाठी १९७५ चा वेगळा. साग, मोह, आंबा, चिंच यांसारखी झाडे पहिल्या कायद्याच्या अनुसूचीत येतात. खेड्यात गुलमोहर-चाफ्याच्या किरकोळ छाटणीचा प्रश्न सहसा येत नाही, तरी मोठे काम असेल तर तलाठ्याला किंवा वनरक्षकाला आधी विचारलेले बरे.

छाटणीनंतर झाडाला खताचा मारा करू नये, त्याने पाणसोटच वाढतात. बुंध्यापासून थोडे दूर पालापाचोळ्याचे आच्छादन करावे आणि फेब्रुवारीत छाटलेल्या झाडाला उन्हाळाभर पंधरा दिवसांतून एकदा खोल पाणी द्यावे. पाणसोट बोटाएवढे असतानाच अंगठ्याने मोडून काढावेत. पावसाळ्यात दोनदा फेरी मारली तर करवतीची गरजच पडत नाही. शेंडा गेलेल्या झाडावर मात्र सगळे मोडू नयेत. प्रत्येक खुंटावरचा सर्वांत सरळ आणि नीट जोडलेला एक राखावा, उरलेले दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने काढावेत, म्हणजे राखलेला फोक हळूहळू फांदीची जागा घेतो.

आमच्या बहाव्यावर मी हेच केले. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याला सहा घोस आले, तेही फक्त रस्त्याकडच्या बाजूला. पश्चिमेकडच्या तडकलेल्या सालीची वळी अजून मिटलेली नाही. मधल्या फटीत दोन बोटे जातात, आणि दर पावसाळ्याआधी तेवढ्या भागाला मी चुना फासतो.